सतरा नंबरची घंटी

आमच्या ऑफिसात फाइली जमत नाहीत, किस्से जमतात. फाइल एकदा कपाटात गेली की गप पडून राहते, किश्शाला तेवढी अक्कल नसते. दुपारचा चहा येतो, पंखा किरकिरायला लागतो, खिडकीबाहेर धारूरचा किल्ला उन्हात पुसट पुसट होत जातो, आणि कुणीतरी म्हणतंच, "ए सुनंदा, तो दिंद्रुडच्या पेटीचा सांग ना!" मग काम गेलं खड्ड्यात.

सुनंदा म्हणजे मी. मी फोन घेते. शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटरीशेजारी एक पेटी बसवतात, तिच्यात सिमकार्ड असतं आणि घरबसल्या मोबाइलवरून मोटर चालू-बंद होते, ते काम आमचं. शेतातली पेटी आमच्या सर्व्हरशी बोलते आणि सर्व्हर शेतकऱ्याच्या मोबाइलशी. पेटी रुसली की शेतकरी माझ्याशी बोलतो, आणि काय बोलतो ते इथं सांगण्यासारखं नाही!

खताच्या दुकानावर एक जिना चढून आलात की आम्ही चौघं दिसू. मालक महादेव सर. साठीला आलेले वामनकाका. पुण्याहून परत आलेली प्रज्ञा. आणि कानाला फोन लावून मी.

*

सुरुवातीला सरांनी बाहेरून कुणाकडून तरी सर्व्हर लिहून घेतला होता. स्वभावानं गरीब, पण एका वेळी एकाच पेटीशी बोलायचा. तिचं संपेपर्यंत बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं.

एके दिवशी दिंद्रुडच्या एका पेटीला रेंज मिळेना. तिनं निरोपाचं पहिलं अक्षर पाठवलं आणि बसली. सर्व्हरही तिच्या तोंडाकडे बघत बसला. अर्धा तास! तेवढा वेळ सगळ्या गावांच्या मोटरी ठप्प आणि माझा फोन तव्यासारखा गरम.

सर डोकं धरून म्हणाले, "एकाची जीभ अडकली म्हणून अख्खी ग्रामसभा मुकी व्हय?"

वामनकाका त्या दिवशी आमची फोनची लाइन दुरुस्त करायला आले होते. तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. स्टुलावर उभ्यानंच त्यांनी विचारलं, "ह्यो सर्व्हर प्रत्येकाच्या दारात जाऊन बसतो कावून?"

मग त्यांनी त्यांच्या जुन्या बोर्डाची गोष्ट सांगितली. गावातल्या एकेका फोनसाठी बोर्डावर एकेक पत्र्याची पापणी. कुणाला बोलायचं असलं की त्याची पापणी खाली पडून उघडायची. "पापणी पडंल त्याच्याकडं जायाचं. त्यानं अर्धं बोलून दम घेतला, तर तेवढ्यात दुसऱ्याकडं. बाकीचे झोपलेत तर झोपू द्या की! त्यांना उठवून 'बोलायचंय का' म्हणून इचारायचं कशाला?"

सरांनी त्यांना स्टुलावरून उतरूच दिलं नाही म्हणा ना! काकांनी पुस्तकं आणली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि तीन महिन्यांत नवा सर्व्हर लिहिला. चौदाशे ओळी. आलेलं प्रत्येक अक्षर हातानं मोजायचं, अर्धा निरोप बाजूला ठेवायचा, उरलेला आला की जोडायचा. प्रोग्रॅममध्ये सगळीकडे नाव एकच, 'पापणी'. पापणी एक, पापणी दोन, पापणी तीन. मी कधी कधी त्यांच्या मागं उभी राहून बघायची. काळ्या पडद्यावर शेकडो पापण्या मिटलेल्या, आणि मध्येच कुठं तरी केजकडची एक हळूच उघडायची. बघता बघता मला जांभई यायची, पण छान वाटायचं.

*

पेट्या चाळीस होत्या तेव्हा काकांनी सर्व्हरला घंटी जोडली. जुन्या टेलिफोनच्या पोटातली, दोन पितळी वाट्यांची. कुठल्याही विहिरीवर कुणी हातानं बटण दाबलं की इथं टर्रिंग!

पेट्या वाढल्या तशी घंटी थांबेना. सर ओरडले, "काका, हे ऑफिस हाय का शाळा सुटायलीय?" काकांनी एकेक नंबर गप केला. करता करता एकच उरला, सतरा. तो काही ते बंद करीनात. विचारलं की म्हणायचे, "टेस्टिंगसाठी ठिवलाय."

सतरा नंबरच्या शिवारात सकाळी साडेनऊला लाईट येते. पावणेदहाला टर्रिंग. काका चष्मा काढून पुसणार, परत घालणार आणि मगच दिवसाचा पहिला चहा. त्याआधी चहा आला तर त्यावर साय धरायची, पण ते हात लावायचे नाहीत.

ह्या टेस्टिंगचा उलगडा मला माझ्या नांदूरघाटच्या मावशीकडून झाला. सतरा नंबरची पेटी आहे नांदूरघाटलाच, निवृत्तीआण्णांच्या विहिरीवर. आण्णा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. विहीर दोघांची, पाणी पाळीनं. एकदा काकांच्या पाळीला आण्णांनी मोटर बंद केली नाही. भर बांधावर शब्दाला शब्द लागला, आणि काका आपलं रान दुसऱ्याला कसायला देऊन धारूरला निघून आले. त्याला नऊ वर्षं झाली. अबोला तो अबोला.

आण्णा मोबाइलवरून मोटर लावत नाहीत. काठी टेकत विहिरीवर जातात आणि स्वतः बटण दाबतात. म्हणजे टर्रिंग झालं की काकांना कळतं, थोरला भाऊ आज उठला, भाकरी खाल्ली, विहिरीपर्यंत चालत आला, धड आहे. नऊ वर्षांत भावाची एवढीच खबर! बायको गेल्यापासून काकांना रक्ताचं म्हणावं असं दुसरं कुणी नाही.

मला माहीत आहे हे मी त्यांना कळू दिलं नाही. सकाळी फोन वाजला तरी पावणेदहाच्या सुमारास मी आवाज बारीक करायची, बस्स.

*

माझ्या फोनवर एकेक नग येतात. एक म्हणाला, "बाई, पेटीला म्हशीनं शिंग मारलं, आता म्हशीला शॉक बसंल का?" एकानं तर मोटर चालू करायच्या बटणावर नारळ फोडला आणि वर मलाच विचारलं, "बटन आत गेलंय, शुभ हाय ना?"

पण माझा लाडका म्हणजे तो "ऐका की बाई" म्हणणारा म्हातारा. आवाज घोगरा, दर वेळी वेगळ्याच नंबरवरून फोन. नाव विचारलं की ठेवून द्यायचा.

पहिल्यांदा म्हणाला, "ऐका की बाई, हितं बटन दाबलं तर तिकडं कुणाला कळतं व्हय?"

मी म्हटलं, "सर्व्हरला कळतं."

"त्यो न्हाई. मानसाला?"

मला हसू आलं. म्हटलं, "आमच्याकडं एक काका आहेत बाबा. एका विहिरीची घंटी लावून बसलेत. ती वाजल्याशिवाय चहा घेत नाहीत!"

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग, "बरं." आणि फोन कट.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी यायचाच. "ऐका की बाई, चालू हाय का ती घंटी?" मी म्हणायची, "चालू आहे बाबा." "बरं." बिचाऱ्याला बोलायला कुणी नसेल, असं वाटून मी कधी चिडले नाही.

*

प्रज्ञा पुण्यातली नोकरी सोडून आली ती आईच्या आजारपणासाठी. आठव्या दिवशी म्हणाली, "काका, ही चौदाशे ओळींची फाइल आपण काढून टाकू."

सरांनी कप खाली ठेवला. मी फोन खाली ठेवला.

तिचंही चूक नव्हतं. पेट्या झाल्या होत्या तीन हजार. फाइल कुठं अडली तर काकांशिवाय कुणाला कळायचं नाही. ती म्हणाली, "ह्यासाठी तयार फ्रेमवर्क मिळतं, दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला सांगाडा. आत तुमच्यासारखंच चालतं, पापण्याच पापण्या. पण ते सगळं झाकलेलं. कोण बोलायला तयार आहे, किती अक्षरं आली, किती राहिली, काही बघायचं नाही. निरोप पूर्ण झाला की ते आपल्याला हाक मारतं."

"आन् अर्धाच आला तर?"

"तोवर ते जपून ठेवतं."

"म्हंजे कुणी अर्धं बोलून थांबलं, तर आपल्याला कळनारच न्हाई?"

"कळायची गरजच नाही काका, तीच तर गंमत आहे!"

काकांना त्यात काही गंमत दिसली नाही. पुढे चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. सर म्हणाले, "म्हाताऱ्याचा इगो दुखावला." इगो कसला, त्यांना घंटी जाते की राहते ह्याची धास्ती होती!

सर मात्र हवेत. दिंद्रुडच्या मेळाव्यात माइक धरून म्हणाले, "आता आपला सर्व्हर, नॉन-ब्लॉकिंग! एकासाठी दुसरा थांबत न्हाई!"

पुढच्या रांगेतून एक आजोबा उठले. "म्हंजे लाईट नसली तरी मोटर चालती?"

"न्हाई, तसं न्हाई."

"मंग बसा खाली!"

सरांनी तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. म्हणजे एकदाच काढला, ते पुढं सांगते.

*

मग नव्या बनावटीच्या पन्नास पेट्या आल्या. बसवल्या, प्रज्ञानं त्या चाचणीसाठी आधी नव्या फ्रेमवर्कला जोडल्या, आणि एकही बोलेना. जोडणी दिसते, पण निरोप नाही. प्रज्ञानं दोन दिवस डोकं आपटलं. खालचं सगळं फ्रेमवर्कनं झाकलेलं, बघणार कुठून?

तिसऱ्या दिवशी काकांनी खुर्ची ओढली. "झाकन काढ. तारंवर खरंच काय जातंय ते दाव." तिनं काढून दाखवलं. काका खूप वेळ बघत राहिले. सिमकार्डाच्या बोलण्यालाही काका तारच म्हणायचे, आणि त्या तारेवर काहीच नव्हतं. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पडद्यावर पन्नास रिकाम्या ओळी.

"पेटी म्हनती, आधी सर्व्हरनं हाक मारावी," काका म्हणाले. "सर्व्हर म्हनतो, आधी पेटीनं नाव सांगावं. दोघं बी जागे हायेत. दोघं बी कान दिऊन बसलेत. बोलायलं कुनीच न्हाई."

प्रज्ञा खदखदून हसली. "मग किती वेळ बसतील असे?"

"मरंपर्यंत."

मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

प्रज्ञाला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या नादात म्हणाली, "मग एकानं तरी ठरवायला पाहिजे ना काका, की इतका वेळ वाट बघीन, नंतर मीच बोलेन. त्याला टाइमआउट म्हणतात."

"हाय का ते तुज्या फ्रेमवर्कमदी?"

"एका ओळीत!"

"एका ओळीत," काका म्हणाले, आणि त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

*

फ्रेमवर्क सगळ्या पेट्यांना लागलं. चौदाशे ओळींच्या जागी साठ-सत्तर. काकांनी एकच मागणं मागितलं, सतरा नंबरची घंटी राहू दे, टेस्टिंगसाठी. प्रज्ञा म्हणाली, "तुम्हीच लिहा काका. निरोप ज्या साखळीतून जातो, तिच्यात तुमची एक कडी टाका." काकांनी मन लावून चार ओळी लिहिल्या. मला वाटलं, चला, जमलं!

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे तक्रारी. "बाई, रोज पावनेदहाला मोटर अडकती." "बाई, बटन दाबतो आन् ती इचार करीत बसती." अख्ख्या जिल्ह्यात, सगळ्यांचं एकाच वेळी! प्रज्ञानं सिमवाल्यांवर संशय घेतला, लाईटवर घेतला, सरांच्या वायफायवरसुद्धा घेतला. आठ दिवस झाले. शेवटी कंटाळून तिनं काकांची कडी उघडून वाचली.

काकांनी लिहिलं होतं, घंटी वाजव. घंटी वाजून होईपर्यंत थांब. मग पुढं जा.

आता त्या फ्रेमवर्कात सगळ्या पेट्यांमागून फिरणारा असतो एकच. त्यानं कुठं थांबायचं नसतं. तो थांबला की सगळे थांबले. रोज सकाळी आण्णांनी बटण दाबलं की इथं घंटी चार सेकंद वाजायची, आणि तेवढा वेळ बाकीच्या मोटरी श्वास रोखून उभ्या!

"काका!" प्रज्ञा किंचाळलीच. "तीन हजार विहिरी तुमच्या घंटीसाठी थांबतात रोज! का थांबवलंत?"

काका मान खाली घालून म्हणाले, "ती वाजताना मदी दुसरं कुनी बोलू न्हाई, आसं वाटलं."

प्रज्ञा आणखी बोलणार होती. मी तिला दंडाला धरून जिन्यात नेलं आणि सतरा नंबर कुणाचा ते सांगितलं. सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि ओढणीनं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

परत येऊन तिनं अर्धा तास काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "काका, घंटीला प्रोग्रॅममध्येच वेगळा माणूस दिलाय. ती वाजू दे खुशाल, आता कुणाचं अडत नाही."

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. मी मोजलं. चारऐवजी सात सेकंद!

*

आणि हे मागच्या माघातलं.

पावणेदहा झाले, घंटी नाही. दहा झाले. काकांनी चष्मा पुसून घातला, परत काढला, परत पुसला. प्रज्ञानं बघितलं. तिकडे लाईट होती. सतरा नंबरची पेटी जागी होती आणि दर मिनिटाला 'मी आहे' म्हणून निरोप देत होती. शेजारच्या विहिरींच्या मोटरी चालू होत्या. फक्त सतराचं बटण कुणी दाबलं नव्हतं.

"बाजारला गेला आसंल," काका म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या आधी येऊन बसले होते. पावणेदहा. दहा. साडेदहा. पेटी आपली म्हणतेय, मी आहे, मी आहे. पेटीला काय जातंय म्हणायला!

"कांदा हाय त्याचा," काका एकदम म्हणाले. "दोन दिस पानी न्हाई, आसं त्यो करनारच न्हाई. काई तरी झालंय."

पेटीच्या कागदावर आण्णांचा नंबर होता, मी लावला. बंद. मावशीला लावला, तर ती लेकीकडे गेलेली. प्रज्ञा काकांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "काका, टाइमआउट."

काका उठले. चप्पल सापडेना. सर आधीच गाडीची किल्ली घेऊन जिन्यात उभे होते. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. "चला," ते म्हणाले, "आपल्यावाचून ऑफिस थांबत न्हाई. नॉन-ब्लॉकिंग हाय!"

प्रज्ञा घंटीपाशी थांबली. आम्ही तिघं निघालो. केज मागं पडलं. रानात धुकं नव्हतं तरी सगळं धुक्यातलं वाटत होतं, ज्वारीची ताटं, दूरचे डोंगर, सगळंच. नांदूरघाटच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. सरांनी हॉर्न दिला, मेंढपाळानं काठी हलवली, पण मेंढरं काही हलेनात. काका दार उघडून उतरले आणि त्या लोकरीच्या गर्दीतून कंबरेपर्यंत बुडाल्यासारखे, दोन्ही हातांनी वाट काढत पायीच निघाले. विहीर तिथून एका शेतावर होती. मी मागं पळाले.

आण्णा विहिरीच्या कठड्यावर, लिंबाच्या सावलीत बसले होते. मांडीवर काठी. शेजारी पेटी, तिचा हिरवा दिवा लागलेला.

जिवंत. धडधाकट.

काका दहा पावलांवर थांबले. आण्णांनी वर बघितलं. समोर कांद्याच्या पाती माना टाकून पडल्या होत्या.

मग काका सरळ पुढं गेले, आण्णांच्या अंगावरून हात लांबवला आणि बटण दाबलं. मोटर घुमली. पाइपात खडखड झाली, आणि पाणी आलं.

माझा फोन वाजला. पलीकडे प्रज्ञा रडत-ओरडत होती, मागं ती घंटी. "वाजली गं, वाजली! काकांना सांग, आण्णा बरे आहेत!"

काका पाटाकडे बघत म्हणाले, "कांदा वाळायलाय. दोन दिस बटन कावून दाबलं न्हाईस?"

आण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं. "ऐका की बाई," ते म्हणाले. तोच घोगरा आवाज. "तुमीच सांगितलं व्हतं ना, घंटी वाजती म्हनून?"

मग काठी बाजूला ठेवून त्यांनी काकांना कठड्यावर जागा करून दिली.

"बगावं म्हनलं वामन्या, न वाजल्याली घंटी तुला ऐकू येती का!"